केसपेपरची खिडकी : प्रस्तावना

पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात सकाळी केसपेपरची खिडकी उघडते तेव्हा रांग तासभर आधीच लागलेली असते. जाड काच, काचेला अर्धगोल भोक, आत संगणक आणि संगणकामागून येणारा ठरलेला प्रश्न : “काय होतंय?” भोक लहान आणि पंख्याची घरघर मोठी, त्यामुळे प्रश्नही मोठ्याने आणि उत्तरही मोठ्याने. त्या दिवशी माझ्या पुढे पंचविशीतली एक मुलगी उभी होती. तिने काहीतरी पुटपुटले. “मोठ्यानं बोला ताई, ऐकू येत नाही.” ती पुन्हा पुटपुटली. “अहो, कुठल्या डॉक्टरकडे पाठवायचं ते कळायला नको का मला?” रांगेतल्या आम्ही सगळ्यांनी मोबाइलमध्ये डोकी खुपसली, कान अर्थातच उघडे होते. मग ती म्हणाली, “ताप येतोय.” तिला जनरल ओपीडीचा कागद मिळाला. कागदाची घडी करत ती जिन्याकडे गेली, आणि पाचच मिनिटांनी मला फाटकातून बाहेर पडताना दिसली. तिला ताप नव्हता, हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती.

माझ्या पिशवीत तेव्हा पीएचडीचा आराखडा होता. आरोग्यविषयक माहितीच्या गोपनीयतेचा कायदा आणि सरकारचे डिजिटल आरोग्य धोरण, असा विषय. आराखड्यात सर्व्हर होते, हॅकर होते, विमा कंपन्या होत्या, युरोपातले कायदे होते. केसपेपरची खिडकी त्यात कुठेच नव्हती. मार्गदर्शकांना हा प्रसंग सांगितला तेव्हा ते म्हणाले, “मग तिथूनच सुरू करा की.” हे पुस्तक त्या प्रबंधाचे मराठी रूप आहे. तळटीपांचे ओझे उतरवले आहे. मुद्दा तोच आहे.

तो मुद्दा आधीच सांगून टाकते. आजाराची गुप्तता आणि सार्वजनिक आरोग्य ही आपण तराजूच्या दोन पारड्यांत ठेवतो. साथ आली, योजना आली, संशोधन आले की गुप्ततेचे पारडे जरा वर जाऊ द्यावे, जीव महत्त्वाचा, असे म्हणणारा माणूस समंजस वाटतो. मला हा तराजूच चुकीचा वाटतो. आपली गोष्ट चारचौघांत जाईल अशी धास्ती ज्याला असते, तो दवाखान्यात येत नाही. आला तर ताप येतोय म्हणतो. मग त्याच्यावर उपचार होत नाहीत आणि सरकारच्या नोंदीतही खोटा ताप जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची हे बाजारात खरे असेल, दवाखान्यात मूठ उघडावीच लागते. कोणापुढे, कशासाठी आणि किती वेळ, एवढाच प्रश्न उरतो. कायद्याने करायचे काम म्हणजे ही मूठ निर्धास्तपणे उघडता येईल अशी जागा राखणे.

हा धडा पुण्याला नवा नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वर्ष संपता संपता तो पुण्यात पोचला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा कायदा, आणि त्यातले चौथे कलम असे की, या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. त्याच महिन्यात पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेची सूत्रे वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे आली आणि मार्चपासून गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या पेठांमधून घरोघर फिरू लागल्या. ओसरीपासून देवघरापर्यंत बूट गेले. काखेत, जांघेत गाठ आहे का ते तपासायचे. बायकांनाही त्यातून सूट नव्हती, आणि ही तपासणी कधी कधी भर रस्त्यात होई. संशय आला की माणूस छावणीत आणि घरातले सामान जाळात. लोकांनी मग जे करायचे तेच केले. आजारी माणसे लपवली. ज्यांना जमले ते गाव सोडून गेले, आणि जाताना काही जण रोगही बरोबर घेऊन गेले. रोग शोधण्यासाठी केलेल्या झडत्यांनीच रोग दडवायला शिकवले.

पुढचा इतिहास महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. 22 जून 1897 च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी समारंभातून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. समारंभ झाला तो गव्हर्नरचा बंगला म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. विद्यापीठाला 2014 पासून ज्यांचे नाव आहे त्या सावित्रीबाई फुले त्याच साथीत, रुग्णांची सेवा करता करता, 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच गेल्या. त्या आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. एकाच शहरात, एकाच महिन्यात, रोगाला सामोरे जाण्याच्या या दोन तऱ्हा होत्या. एकीला माणसे घाबरून लपत होती, दुसरीकडे विश्वासाने येत होती. त्या आवारातून जाता-येता मला नेहमी वाटत आले आहे की या विषयाची पहिली दोन प्रकरणे इथे आधीच लिहून झालेली आहेत.

आपण हे इतिहासात जमा केले असते तर ठीक होते. पण 9 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रातले पहिले कोरोनाबाधित रुग्ण सापडले ते पुण्यात, आणि चारच दिवसांनी राज्य सरकारने तोच 1897 चा कायदा बाहेर काढला. घरी विलगीकरणात राहायचे त्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. देशात अनेक ठिकाणी रुग्णांच्या दारावर कागद चिकटवले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा न्यायालयाने बोलून दाखवले की दारावर असा कागद लागला की त्या घराला अस्पृश्यासारखी वागणूक मिळते; डिसेंबर 2020 मध्ये, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तसा स्पष्ट आदेश असल्याखेरीज असे कागद लावू नयेत, असे सांगितले. कागद लावणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. 1897 च्या चौथ्या कलमातही ‘सद्हेतू’ हाच शब्द होता.

मधल्या शंभर वर्षांत हा विषय न्यायालयांनी घडवला, आणि तो मुख्यतः एचआयव्हीच्या निमित्ताने. शेजारच्या गोव्यात 1989 च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी घरून नेले. गुन्हा काही नव्हता. तो नियमित रक्तदान करत असे, आणि दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला अलग ठेवण्याची तरतूद होती. म्हापशातल्या एका बंद पडलेल्या क्षयरुग्णालयात त्याला 64 दिवस ठेवले गेले. आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने कायद्याची ती तरतूद वैधच ठरवली. डॉमिनिकने बाहेर आल्यावर एचआयव्हीबाधितांसाठी काम उभे केले आणि 1992 मध्ये तो गेला. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट सुरुवातीचीच आहे. त्याचे नाव कळले ते त्याने स्वतःहून रक्त दिले म्हणून. रक्तपेढीने पुढच्या दात्याला त्यातून काय शिकवले असेल?

1997 मध्ये त्याच उच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली. एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराला एचआयव्ही आढळला म्हणून कामावरून कमी केले होते. काम करायला तो धडधाकट होता. न्यायालयाने हे बेकायदा ठरवले. पण त्याही आधी आणखी एक गोष्ट केली. त्या कामगाराला नाव न सांगता दाद मागू दिली. निकालपत्राच्या माथ्यावर ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ एवढेच आहे. न्याय मागायला आलेल्या माणसाचे गुपित न्यायालयाच्याच दारात फुटले तर त्या न्यायाचा उपयोग काय, हे त्या दोन अक्षरांत ओळखलेले आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्यात ही सोय कायद्यातच लिहिली गेली.

पण पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे दुसरे अक्षर आले. नागालँडमधला एक डॉक्टर रक्त द्यायला गेला, तपासणीत एचआयव्ही निघाला, रुग्णालयाकडून ही गोष्ट बाहेर गेली, ठरलेले लग्न मोडले, आणि त्याला गाव सोडावे लागले. ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात न्यायालयाने रुग्णालयाची बाजू धरली, कारण होणाऱ्या वधूच्या जिवाचा प्रश्न होता. वधूला कळायला हवे होते याबद्दल माझेही दुमत नाही. मात्र वधूला कळणे आणि गावाला कळणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर त्या निकालात मोजलेले नाही. या पुस्तकाचे दुसरे प्रकरण त्या अंतरावर आहे.

गोपनीयतेची एक उलटी बाजूही आहे आणि मराठी वाचकाला ती अनुभवाने माहीत असेल. रुग्णाला स्वतःचीच फाइल मिळत नाही. 1996 मधल्या रघुनाथ रहेजा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाला हे स्पष्ट करावे लागले की उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती रुग्णाला नाकारताना डॉक्टर गुप्ततेची ढाल पुढे करू शकत नाहीत. गुपित रुग्णाचे आणि कुलूप दवाखान्याचे, असा तो मामला होता. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत मग नियम आला : मागणी केल्यापासून 72 तासांत नोंदी द्यायच्या, आणि त्या तीन वर्षे जपून ठेवायच्या. हा नियम किती रुग्णांना माहीत आहे, हे कुठल्याही बिलिंगच्या खिडकीपाशी अर्धा तास उभे राहिले की कळते.

या सगळ्यात पुण्याचा एक वाटा कमी बोलला जातो. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये झाला. त्याचा मसुदा घडताना लॉ कॉलेज रोडवरच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने आरोग्य मंत्रालयाला साहाय्य केले. त्या कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे, रुग्णाचा फोटो किंवा माहिती माध्यमांना द्यायला बंदी आहे, आणि लगेच पुढच्या कलमात रुग्णाला स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. झाकण्याचा हक्क आणि पाहण्याचा हक्क शेजारी शेजारी ठेवणारा इतका नेमका कायदा आपल्याकडे विरळा. येरवड्याच्या मनोरुग्णालयावरून जाताना ‘वेडा’ हा शब्द सहज वापरणाऱ्या शहरातच तो विचार झाला, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

आता डिजिटल भागाकडे येते. इथे वाचकाने मला संगणकाची शत्रू समजू नये. माझ्या आईची फाइल म्हणजे एका मिठाईच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती. त्यात घडी पडून पांढरा पडलेला एक्स-रे, शाई उडालेले ईसीजी, तीन लॅबचे रिपोर्ट आणि एका डॉक्टरांची चिठ्ठी, जी फक्त त्यांच्या खालच्या मेडिकलवाल्यालाच वाचता येई. रात्री दोनला तिला दाखल करताना ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारले, “रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?” आणि मी ती पिशवी जमिनीवर उपडी करून शोधत बसले. ज्याने अशी पिशवी उपडी केली आहे, त्याला नोंदी एका जागी दिसण्याची किंमत सांगावी लागत नाही.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनने हेच मनात धरले आहे. 15 ऑगस्ट 2020 ला घोषणा झाली, सुरुवात सहा केंद्रशासित प्रदेशांत झाली आणि 27 सप्टेंबर 2021 ला ते देशभर लागू झाले. 14 अंकी ‘आभा’ क्रमांक, डॉक्टरांची नोंदवही, दवाखान्यांची नोंदवही, आणि मध्ये संमतीची यंत्रणा. सगळ्या नोंदी दिल्लीतल्या एका कोठारात गोळा होतात, असा समज आहे. रचना तशी नाही. रिपोर्ट ज्या लॅबचा त्या लॅबकडेच राहतो. दुसऱ्या डॉक्टरला तो हवा असेल तर तो विनंती पाठवतो, आणि रुग्णाने होकार दिला तरच रिपोर्ट पुढे जातो. कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या काळातल्या, किती दिवसांपर्यंत पाहता येतील, हे त्या होकारात लिहिलेले असते आणि होकार मागेही घेता येतो. एका रुग्णालयाच्या संगणकाची भाषा दुसऱ्याला कळावी म्हणून नोंदींचे साचे लागतात. ते ठरवणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. 1988 साली सुरू झालेल्या आणि परम महासंगणकाने नावारूपाला आलेल्या सी-डॅकचा पत्ता वर्षानुवर्षे ‘विद्यापीठ परिसर, गणेशखिंड’ असाच होता. पुन्हा तीच जागा.

कागदावर ही रचना चांगली आहे. आता ती खिडकीपाशी पाहू. खिडकीशेजारी क्यूआर कोड लागला आहे. स्कॅन करा, नाव-पत्ता आपोआप जाईल, टोकन मिळेल. सत्तरीच्या आजींकडे साधा फोन आहे. आभा काढताना आधारला जोडलेला नंबर लागतो, तो सुनेचा आहे. “आजी, ओटीपी आलाय का?” आजी सुनेला फोन लावतात. सून विचारते, “कशाला गेलात तुम्ही तिकडं?” ओटीपी येतो, टोकन मिळते, आणि यंत्रणेच्या लेखी एका स्वतंत्र, सज्ञान नागरिकाने पूर्ण समजून संमती दिलेली असते. आजींना आपला आजार ज्या एका व्यक्तीला कळू द्यायचा नव्हता, तिच्याच हातातून ती संमती गेली. कायद्याच्या पुस्तकांतला धोका म्हणजे दूरचा हॅकर. मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्या मनातला धोका म्हणजे नणंद, मालक, सोसायटीचे सेक्रेटरी आणि त्याच वाडीतून दवाखान्यात कामाला येणाऱ्या मावशी.

म्हणून हॅकरला मी सोडून दिले आहे असे नाही. मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट, त्यांत एचआयव्हीचेही, 2016 च्या डिसेंबरात इंटरनेटवर उघडे पडलेले सापडले. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने ठप्प झाले आणि देशातले सर्वांत नामांकित रुग्णालय कित्येक दिवस हाताने कागद लिहीत होते. कागदाची गळती एका गल्लीत होते, संगणकाची एका रात्रीत गावभर. फरक आकाराचा आहे. दुखते ते मात्र ओळखीच्या माणसाला कळल्यावरच.

या साऱ्यावर कायदा काय म्हणतो? 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2018 मध्ये आरोग्य मंत्रालयाने आरोग्य-माहितीसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा, ‘दिशा’, पुढे आणला. तो कायदा झाला नाही. त्याच वर्षी, पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ या वेगळ्या वर्गात ठेवली. 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतही तसा वर्ग होताच. पण 11 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रपतींची मोहोर उमटलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो वर्ग नाही. जेवण मागवताना दिलेला पत्ता आणि बायोप्सीचा रिपोर्ट एकाच मापाने मोजले जातात. कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात 18 महिन्यांची मुदत आहे, म्हणजे हे पुस्तक वाचकाच्या हातात असताना दवाखाने अजून तयारीतच असतील.

या कायद्यातला एक शब्द मला आवडतो. माहिती गोळा करणाऱ्याला त्यात ‘फिड्युशिअरी’ म्हटले आहे. मराठीत त्याला आपल्याकडे रोजच्या वापरातला शब्द आहे : विश्वस्त. देवस्थानाचे विश्वस्त, शिक्षणसंस्थेचे विश्वस्त. विश्वस्ताने दागिने सांभाळायचे, अंगावर घालायचे नाहीत, हे सांगायला आपल्याकडे वकील लागत नाही. पण शब्द जितका मोठा तितका कायद्याचा हात मोठा नाही. चूक करणाऱ्या विश्वस्ताला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याचे गुपित फुटले त्याला भरपाई मागण्याचा जुना मार्ग, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 43-अ, हा कायदा पूर्ण लागू झाला की रद्द होणार आहे. उलट रुग्णाचीही कर्तव्ये सांगितली आहेत, आणि ती मोडली तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे. आणि शेवटाकडे एक ओळखीचे वाक्य भेटते : सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल सरकारवर वा अधिकाऱ्यांवर दावा चालणार नाही. 1897 च्या चौथ्या कलमाने सव्वाशे वर्षांनी नुसता नंबर बदलला आहे.

आणखी एक फट बारीक आहे, पण तिच्यातून बरेच काही निसटते. कायदा लागू होतो तो डिजिटल माहितीला, किंवा कागदावरून पुढे डिजिटल केलेल्या माहितीला. वॉर्डातल्या सिस्टरच्या टेबलावर लांबोळकी, लाल कापडी पाठीची नोंदवही उघडी पडलेली असते. नाव, वय, गाव, निदान. पाणी विचारायला येणारा प्रत्येक नातेवाईक ती वाचतो. ही वही या कायद्याच्या बाहेर. कोणी तिच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून दवाखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला की तेच पान आत. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर गळती पहिल्या क्षणीच झालेली आहे. राज्याच्या नर्सिंग होम नियमांमध्ये 2021 साली रुग्णहक्कांची सनद आली, तीत खासगीपणाही आहे. त्यामागे इथल्या जन आरोग्य अभियानासारख्या गटांचा बऱ्याच वर्षांचा रेटा होता. वहीवर झाकण घालायचे असेल तर ते त्या नियमांतून घालता येईल, असे मी पाचव्या प्रकरणात मांडले आहे.

गरिबाच्या बाबतीत तर ‘संमती’ या शब्दाचाच अर्थ बदलतो. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार फुकट आहेत. पण तिथवर पोचायला रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, फोटो, आणि आजाराची कहाणी आरोग्यमित्रापासून समाजसेवा अधीक्षकापर्यंत प्रत्येकाला पुन्हा पुन्हा. ज्याच्याकडे पैसे आहेत तो बिल भरतो आणि गप्प राहतो. ज्याच्याकडे नाहीत तो माहितीने बिल भरतो. त्याने ‘नाही’ म्हटले तर खाट जाते, मग त्याच्या ‘हो’ला संमती म्हणायचे का? आरोग्यमित्रावर माझा रोष नाही. त्यांच्यातले कित्येक जण दिवसभर टेबलावर वाकून लोकांची कामे करत असतात. पण त्या टेबलाला आडोसा नसतो.

संशोधनाचे प्रकरण मी सर्वांत शेवटी लिहिले, कारण त्यात मीही आरोपी आहे. पुणे हे संशोधकांचे गाव. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राच्या वढूच्या कार्यक्रमाने 2002 पासून 22 गावांतल्या जन्ममृत्यूंची, स्थलांतराची नोंद ठेवली आहे, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मातांच्या पोषणाचा अभ्यास 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत चालू आहे आणि त्या मातांची मुले आता स्वतः आईबाप होण्याच्या वयाची आहेत. मधुमेह आणि गर्भातले पोषण यांबद्दल जगाला जे समजले त्यात या गावांचा मोठा हिस्सा आहे. 1993 साली आईने दिलेली संमती तिच्या मुलाला बांधील का, आणि किती काळ? नवा कायदा संशोधनाला सवलत देतो, पण त्या माहितीवरून त्या माणसाविषयी काही निर्णय घ्यायचा नाही, ही अट घालून. तीस वर्षे लोक संशोधकाला घरात घेतात ते कायद्याच्या सवलतीमुळे घेत नाहीत. दरवर्षी तीच ताई येते, वजनकाटा काढते, चहा घेते, आणि एका घरचे दुसऱ्या घरी बोलत नाही, म्हणून घेतात. त्या ताईंची ही सवय कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नाही.

याच्या उलटही घडते. इंग्लंडमध्ये सरकारने फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एकत्र करण्याची केअर डॉट डेटा ही योजना आणली. हेतू संशोधनाचा होता, यंत्रणा सक्षम होती. लोकांना नीट सांगितले गेले नाही, नोंदी पुढे कोणाला मिळणार याचा खुलासा झाला नाही, आणि विश्वास उडाला. 2016 मध्ये योजना गुंडाळावी लागली. इतका पैसा आणि इतकी शिस्त असलेल्या देशाला जे जमले नाही, ते आपल्याला एका ‘मी सहमत आहे’च्या चौकोनावर जमेल असे मानायला मी तयार नाही.

पुस्तकाच्या मर्यादा सांगायला हव्यात. मी कायद्याची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही आणि संगणक अभियंताही नाही. मी बसले ती पुणे शहर आणि आसपासच्या दवाखान्यांतल्या बाकांवर. गडचिरोलीतल्या आशाताईंच्या रजिस्टरबद्दल यातून काही ठाम बोलू नये. जिथे मला वाईट वागणूक दिसली त्या दवाखान्यांची नावे घातलेली नाहीत, आणि ज्यांनी आपली गोष्ट सांगितली त्यांची नावे, गावे, आजार बदलले आहेत. गोपनीयतेवरच्या पुस्तकात कोणाची तरी ओळख फुटावी, याहून मोठी नामुष्की नाही. मराठीत लिहिताना कायद्याचे शब्द आडवे आले. ‘गोपनीयता’ म्हटले की फाइलवरचा लाल शिक्का डोळ्यांपुढे येतो, ‘एकांत’ म्हटले की डोंगरावरची गुहा. शेवटी मी जिथे जमेल तिथे ‘खासगी’ म्हटले. “आमची खासगी गोष्ट आहे हो” असे बायका म्हणतात, तेव्हा त्यांना काय हवे ते सगळ्यांना कळते.

मार्गदर्शकांचे, ग्रंथालयातल्या लोकांचे आणि टायपिंगच्या चुका काढणाऱ्या मैत्रिणींचे आभार मी प्रबंधात मानलेच आहेत. इथे आभार मानायचे आहेत ते बाकावर शेजारी बसलेल्यांचे. मी कोण, काय लिहिते हे सांगितल्यावर काही जण उठून गेले. त्यांचेही आभार, त्यांनी माझा विषय माझ्यापेक्षा नीट जाणला होता.

एक शेवटची गोष्ट. प्रबंध संपत आला असताना शहराच्या कडेच्या एका लहानशा दवाखान्यात गेले होते. तिथे संगणक होता, पण क्यूआर कोड नव्हता. खिडकीबाहेर साध्या कागदावर विभागांची यादी चिकटवली होती, प्रत्येकापुढे आकडा. हाडांचे एक, लहान मुलांचे दोन, असे पुढे. रांगेतल्या बाई खिडकीशी गेल्या. “कितवा?” आतून आवाज आला. “सात,” बाई म्हणाल्या. कागद मिळाला, त्या आत गेल्या. मी यादीपाशी जाऊन सातपुढे काय लिहिले आहे ते वाचणार होते. मग वाचले नाही.

पुणे
लेखिका